मेलेल्या माणसासाठी रंगवलेली तेलाची बुधली : अथेन्सच्या पांढऱ्या लेकिथॉस

शेवंती

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं अथेन्सला गेलो होतो. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात सोन्याचे मुखवटे आणि ब्राँझचे पुतळे बघून पाय भरून आले होते. वरच्या मजल्यावर मातीच्या भांड्यांची दालनं आहेत, तिथे मी खरं तर जरा टेकायला गेले. समोरच्या काचेत उंच, सडपातळ, पांढऱ्या बुधल्या होत्या. बारीक मान, एका बाजूला कान, मान आणि बूड काळं, मधलं अंग पांढरं. लेकिथॉस म्हणतात त्यांना. तेल ठेवायच्या.

एकीवर एक बाई होती. हातात पसरट टोपली, टोपलीत फिती. समोर थडग्याचा उभा दगड, आणि त्याच्या पायऱ्यांवर अगदी तशाच बुधल्या मांडलेल्या, म्हणजे बुधलीवर बुधल्यांचंच चित्र. दगडाच्या पलीकडे एक तरुण उभा. थडगं त्याचंच आहे. ती त्याच्यासाठी आलीय आणि तो तिथेच आहे, पण तिला तो दिसतोय की नाही ते काही केल्या कळत नाही. मी अर्धा तास तिथून हलले नाही.

घरी आल्यावर मिळेल ते वाचलं. या बुधल्या इ.स.पू. ४७० च्या सुमारापासून साधारण इ.स.पू. ४०० पर्यंत अथेन्समध्ये होत होत्या आणि बहुतेक मर्तिकासाठीच. वरचा पांढरा लेप इतका नाजूक की रोजच्या वापरात टिकायचाच नाही. आणि एक गोष्ट वाचून तर मी चकित झाले. काही बुधल्यांच्या आत, मानेच्या खाली एक छोटी वाटी बसवलेली असते. बुधली बाहेरून हातभर दिसते, पण तेल मावतं त्या वाटीपुरतंच. बाकी पोट रिकामं.

माझी आई जाऊन सव्वा वर्ष झालं. तिची डोक्याला लावायच्या तेलाची बाटली अजून फडताळात आहे, मला ती काढवत नाही. म्हणून असेल, पण ही रिकाम्या पोटाची बुधली माझ्या मनातून जात नाही. माणूस गेल्यावर त्याला तेल द्यायचं, एवढं सुंदर रंगवून द्यायचं, आणि आत वाटी बसवायची? हे त्यांना कसं पटत असेल? तुम्हाला काय वाटतं?

कर्दळ

सुरेख लिहिलंयस. आधी एक शंका. तेलच का? फुलं, पाणी, दूध का नाही?

शेवंती

@कर्दळ, ती पण असायची. मध, दूध, दारू, पाणी थडग्यावर ओतायचे. पण तेलाचं नातं अंगाशी. ग्रीक माणूस आंघोळीनंतर, व्यायामानंतर अंगाला ऑलिव्हचं तेल लावायचा. माणूस गेला की घरातल्या बायका त्याला न्हाऊ घालून तेल लावायच्या. तेच तेल पुढे थडग्यापर्यंत जायचं. सुगंधी असलं तर महागही.

जुनाखांब

चांगला धागा. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे बुधली नेमकी कुठे बसते ते कळेल.

पहिला टप्पा प्रोथेसिस. मृताला न्हाऊ घालून, कपडे नेसवून घरात पलंगावर ठेवायचं, पाय दाराकडे. भोवती बायका केस मोकळे सोडून, हात डोक्यावर नेऊन विलाप करतात. पुरुष जरा लांब, एक हात वर करून. दुसरा टप्पा एक्फोरा, म्हणजे घरातून बाहेर नेणं. तो तिसऱ्या दिवशी, सूर्य उगवायच्या आत. मग दहन किंवा दफन, दोन्ही चालत. पुढे तिसऱ्या, नवव्या आणि तिसाव्या दिवसाचे विधी. त्यानंतरही घरची माणसं थडग्यावर जात राहतात, फिती बांधतात, बुधल्या ठेवतात. शेवंतीताईंनी पाहिलेलं चित्र या शेवटच्या भेटींचं आहे.

पण मर्तिक आणि रंगवलेली भांडी हे नातं या बुधल्यांपेक्षा तीनशे वर्षांनी जुनं आहे. त्याच संग्रहालयात डिपायलॉनचा, म्हणजे अथेन्सच्या त्या नावाच्या वेशीजवळच्या स्मशानातला मोठा अँफोरा (दोन कानांचा घडा) आहे, इ.स.पू. ७६०-७५० च्या आसपासचा. उंची दीड मीटरहून जास्त, म्हणजे एखाद्या बाईच्या उंचीचं भांडं. ते एका स्त्रीच्या थडग्यावर खूण म्हणून उभं केलेलं. अख्ख्या अंगावर भौमितिक नक्षीचे पट्टे, मानेवर चरणारी हरणं आणि बसलेल्या शेळ्या, आणि बरोब्बर दोन कानांच्या मध्ये पलंगावर निजवलेली बाई. भोवतीच्या माणसांची धडं म्हणजे त्रिकोण, आणि डोक्यावर नेलेल्या हातांची चौकट. चेहऱ्यावर काही नाही. तरी शोक कळतो. त्या काळी बाईच्या थडग्यावर अँफोरा आणि पुरुषाच्या थडग्यावर क्रेटर, म्हणजे रुंद तोंडाचं दारू-पाणी मिसळायचं भांडं, असा साधारण रिवाज होता. यातल्या काहींच्या बुडाला भोक असतं, वरून ओतलेलं थेट खाली मातीत जावं म्हणून.

कर्दळ

बुडाला भोक! हे किती छान आहे. दिलेलं पोचलंच पाहिजे.

रोखठोक

मला आतल्या वाटीत काही गूढ दिसत नाही. तेल महाग, बुधली मोठी, चार लोक बघणार. बाहेरून मोठं दिसावं आणि आत कमी लागावं. लग्नात मोठ्या परातीत खाली पत्रावळी घालून वर लाडू रचतात तसंच. माणसं अडीच हजार वर्षांपूर्वीही माणसंच होती. त्यात भावना शोधणं हे आपलं काम, त्यांचं नाही.

शेवंती

@रोखठोक, तुमचं म्हणणं कळलं, पण मग इतकं सुंदर चित्र कशाला काढायचं? नुसत्या मोठ्या बुधलीनेही काम भागलं असतं की.

चाकावरचा

आमचं घर कुंभाराचं. मी आता शाळेत शिकवतो, पण चाक सोडलेलं नाही. या धाग्यावर कारागिराच्या बाजूने बोलावं असं वाटलं.

पहिली गोष्ट. आत वाटी बसवणं म्हणजे काम वाचवणं नव्हे, ते जास्तीचं काम आहे. वाटी वेगळी ओढायची. बुधलीचं अंग वेगळं. खांदा चढवायच्या आधी, माती ना ओली ना सुकी अशा वेळी, वाटी मानेला आतून ओल्या मातीने जोडायची. दोन्हींचा ओलावा जुळला नाही तर सुकताना सांधा सुटतो. आणि हे केलं की वाटीच्या भोवती पोटात हवा कोंडते. तशीच भट्टीत घातली तर तडकणार. म्हणून त्या बुधल्यांना अंगावर कुठेतरी, चटकन नजरेला येणार नाही अशा जागी, एक बारीक भोक ठेवलेलं असतं. हवा जायला. मी फोटोत पाहिलंय. ते भोक पाहिल्यावर मला तो माणूस ओळखीचा वाटला. त्याला आपल्या मातीची काळजी होती.

दुसरी गोष्ट पांढऱ्या लेपाची. अथेन्सची माती लोखंडाची, भाजली की केशरी-लाल. तिचंच अगदी बारीक गाळलेलं पाणी म्हणजे त्यांचा काळा चकचकीत रंग. भट्टीत आधी हवा सोडायची, सगळं लाल. मग हवा कोंडायची आणि ओलं लाकूड घालायचं, सगळं काळं. मग पुन्हा हवा. अंगाची माती परत लाल होते, पण गाळलेल्या मातीचा थर तोवर काचेसारखा मिटलेला असतो, तो काळाच राहतो. एकाच भट्टीत, एकाच मातीतून दोन रंग. नऊशे अंशांच्या वर उष्णता लागते आणि हवा कधी कोंडायची याचा अंदाज चुकला की अख्खी भट्टी वाया.

पांढरा लेप मात्र वेगळ्या मातीचा, लोखंड नसलेल्या, आपल्या चिनी मातीच्या जातीचा. तो अंगाला तितका घट्ट धरत नाही. त्यावर रेषा काढून भाजायचं, आणि निळा, हिरवा असे रंग भाजून झाल्यावर वरून लावायचे. भट्टी न पाहिलेला रंग टिकत नाही, हे त्या रंगवणाऱ्याला माहीत होतं. तरी त्याने लावला.

माझ्या वडिलांकडे मर्तिकाचं मडकं न्यायला कोणी आलं की ते हातातलं काम टाकून उठायचे. ते मडकं खांद्यावरून नेतात, जीवखड्याने त्याला भोकं पाडतात आणि शेवटी फोडतात. ते टिकायचं नसतंच. तरी वडील दहा मडकी वाजवून त्यातलं एक निवडून द्यायचे. मी लहानपणी विचारलं होतं, फुटायचंच आहे तर निवडता कशाला? ते म्हणाले, "ज्याच्या खांद्यावर जाणार त्याचे हात आज थरथरतात रे."

आंबेहळद

चाकावरचा, शेवटच्या ओळीवर थांबले. धन्यवाद.

शेवंती

वाटी बसवणं जास्तीचं काम आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रोखठोक

@चाकावरचा, उत्तम माहिती. माझं मत तरी तेच. मेहनत कुंभाराची, बचत गिऱ्हाइकाची. दोन्ही खरं असू शकतं.

इसारकाठ

म्युनिकहून. इथल्या प्राचीन कलासंग्रहालयात एक लेकिथॉस आहे, मी वर्षातून दोनतीनदा तरी तिच्यासाठी जातो. खडकावर बसलेली एक बाई सतार... नाही, कितारा वाजवतेय, समोर दुसरी उभी, आणि खडकावर जमिनीलगत एक पक्षी. खडकावर अक्षरं आहेत, हेलिकॉन. म्हणजे तो म्यूझ देवतांचा डोंगर आणि वाजवणारी त्यांच्यातली एक. इ.स.पू. ४४० च्या आसपासची. मरण, थडगं, रडणं काही नाही. फक्त एक स्वर चाललाय आणि दुसरी ऐकतेय.

ज्याने रंगवली त्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नाही. अभ्यासक त्याला 'अकिलीसचा चित्रकार' म्हणतात, व्हॅटिकनमधल्या त्याच्या एका अँफोऱ्यावर ग्रीक पुराणातला वीर अकिलीस आहे म्हणून. हे नामकरण ऑक्सफर्डच्या जॉन बीझली यांचं. कान, घोटा, डोळ्याची पापणी, कपड्याची चुणी कोण कशी काढतो ते पाहून त्यांनी शेकडो निनावी हात वेगळे ओळखले. थानाटॉसचा (म्हणजे मृत्यूचा) चित्रकार, सबूरॉफचा चित्रकार, बोरूचा चित्रकार (हा काठावरची बोरूची बेटं फार काढतो), अशी नावं तिथूनच आली. अक्षर बघून आपण घरातल्या माणसाची चिठ्ठी ओळखतो, तसं.

चाकावरचा म्हणाले ते रंगांचं इथे स्पष्ट दिसतं. नंतरच्या काळातल्या कितीतरी बुधल्यांवर माणसं उघडी दिसतात. ती उघडी नव्हती. अंगाची रेषा आधी काढलेली, वरून रंगाने कपडा चढवलेला. कपडा झडला, अंगाची रेषा उरली.

कर्दळ

कपडा झडला, रेषा उरली. आज दिवसभर हेच डोक्यात राहणार.

आंबेहळद

मला या विषयातली एकच गोष्ट माहीत आहे, पण ती आपल्या लोकांना आवडेल. पॅरिसच्या लूव्रमध्ये मातीची एक रंगवलेली पाटी आहे, इ.स.पू. ५०० च्या सुमाराची, थडग्यावर बसवायची. घरात मुलगा गेलाय, पलंगावर ठेवलाय. भोवती माणसं. आणि चित्रकाराने प्रत्येकाच्या शेजारी नातं लिहून ठेवलंय. आई, बाप, भाऊ, आजी. आणि आत्या! नुसतं 'आत्या-मावशी' असं मोघम नाही, एकीच्या नावापुढे 'बापाकडची' असं लिहिलंय. आईने डोकं हातात धरलंय, बाप येणाऱ्या पुरुषांकडे तोंड करून उभा. अधूनमधून 'ओइमोई' अशी अक्षरं, म्हणजे 'अगं आई गं'.

मी स्वतः पाच भाच्यांची आत्या आहे. बापाकडची, हे लिहायची गरज वाटणारा माणूस मला फार जवळचा वाटला.

जुनाखांब

@आंबेहळद, ही पाटी मी विसरलोच होतो. बरं झालं आठवण केलीत. एक्झेकियास या मोठ्या चित्रकाराने रंगवलेल्या अशा पाट्यांची मालिका बर्लिनमध्ये आहे, तीही अशीच मर्तिकाची.

नात्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण कायदाही तोच मोजत होता. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या कायद्यात असं होतं की मृताला घराच्या आत ठेवायचं, ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्योदयाआधी न्यायचं, पुरुष पुढे, बायका मागे. साठ वर्षांखालच्या बायकांपैकी फक्त जवळच्या नात्यातल्यांनीच यायचं. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, गाल ओरबाडायला बंदी, ठरीव विलापगीतांना बंदी, थडग्यावर बैल कापायला बंदी, आणि मृताबरोबर तीनपेक्षा जास्त वस्त्रं पुरायची नाहीत. मोठ्या घराण्यांनी मर्तिकाचा जो थाट मांडला होता तो आवरायला हे होतं.

आता यात पांढरी बुधली ठेवून पाहा. ती लहान आहे, मातीची आहे, सामान्य घराला परवडणारी आहे. रोखठोकना जी बचत दिसते ती मला असं सांगते की ही वस्तू सरदारांची नव्हती, घराघराची होती.

रोखठोक

@जुनाखांब, हे मात्र मला पटण्यासारखं आहे. ज्याला परवडतं त्याला वाटी बसवावी लागत नाही.

जुनाखांब

आणि त्या काळी ही इतकी नेहमीची गोष्ट होती की नाटकात थट्टेलाही आली. अॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ३९० च्या आसपासच्या एका नाटकात एक तरुण म्हाताऱ्या बाईला टाळतो आणि तिच्या यारालाही टोमणा मारतो. यार कोण? तर 'मेलेल्यांसाठी लेकिथॉस रंगवणारा'. प्रेक्षकांना लगेच कळायचं, म्हणजे हे एक ओळखीचं काम होतं.

गावशीव

लग्नाचा विषय कुठेच निघाला नाही म्हणून लिहितो. लुट्रोफोरोस नावाचं भांडं माहीत आहे का कोणाला? उंच मानेचा घडा, लग्नाच्या आधी नवरानवरीच्या आंघोळीचं पाणी त्यातून आणायचे. जो बिनलग्नाचा गेला त्याच्या थडग्यावर हा घडा ठेवायचे. अथेन्सच्या एका वारसाहक्काच्या खटल्यातलं भाषण उपलब्ध आहे, त्यात वक्ता सांगतो की अमका अविवाहित होता याचा पुरावा काय, तर त्याच्या थडग्यावर लुट्रोफोरोस उभा आहे.

आमच्या गावात विशीतला एक मुलगा विहिरीत बुडून गेला होता. मी तेव्हा सातवीत. त्याला नेण्याआधी त्याच्या चुलत्यांनी हळद लावली, बाशिंग बांधलं. मला ते दृश्य भीतीचं वाटलं होतं, कितीतरी वर्षं. लुट्रोफोरोसबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती माणसं काय करत होती. राहिलेलं देत होती.

कर्दळ

:( खरंय. शेवंतीच्या बुधलीतही कदाचित हेच.

पोटमाळा

अवांतर, पण बोलायला हवं. ही भांडी आपल्याला अखंड मिळतात ती थडग्यांतून निघाली म्हणून. घरातली भांडी फुटतात, थडग्यातली राहतात. आणि म्हणूनच थडगी लुटली जातात. एउफ्रोनिऑस या चित्रकाराचा सार्पेडॉन क्रेटर आठवा. झोप आणि मृत्यू हे दोघे जुळे भाऊ पंख पसरून मेलेल्या वीराला उचलतायत, इ.स.पू. ५१५ च्या सुमाराचं काम. हे अथेन्सचं भांडं इटलीतल्या एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या थडग्यात गेलेलं. तिथून चोरून खणून काढलं आणि १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने दहा लाख डॉलरला घेतलं. २००८ साली ते इटलीला परत गेलं. ज्या मेलेल्या माणसासाठी ते ठेवलं होतं त्याचं काय झालं, हाडं कुठे फेकली, याची नोंदच नाही. लुटारूला भांडं हवं असतं, माणूस नको असतो.

इसारकाठ

@पोटमाळा, पूर्ण सहमत. तेच दोन भाऊ ब्रिटिश म्युझियममधल्या एका पांढऱ्या लेकिथॉसवरही आहेत, थानाटॉसच्या चित्रकाराच्या. पण तिथे वीर कोणी पुराणातला नाही. मागे साधा थडग्याचा दगड आहे, म्हणजे अथेन्सचा कोणीतरी सैनिक, कोणाचा तरी मुलगा. झोपेला तरुण काढलंय, मृत्यूला दाढी आहे, आणि दोघांनी त्याला इतकं जपून धरलंय की उठेल की काय असं वाटावं.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, मला या काळातली साथ माहीत आहे. इ.स.पू. ४३० साली अथेन्समध्ये साथ आली. स्पार्टाशी पेलोपोनेशियन युद्ध चालू, खेड्यांतले लोक तटाच्या आत कोंबलेले. अथेन्सचा नेता पेरिक्लीसही इ.स.पू. ४२९ मध्ये त्यातच गेला. इतिहासकार थ्युसिडिडीसला स्वतःला तो आजार झाला होता. तो लिहितो की लोक अंत्यविधीच विसरले, दुसऱ्याच्या चितेवर आपलं प्रेत टाकून निघून जायचे.

अथेन्स मेट्रोचं खोदकाम चालू असताना, १९९४-९५ मध्ये केरामेइकॉस या प्राचीन स्मशानाजवळ एक सामुदायिक खड्डा सापडला. किमान ८९ माणसं, एकावर एक, वरवरची तर नुसती टाकलेली. दातांतल्या डीएनएवरून २००६ मध्ये विषमज्वराचं नाव पुढे आलं, त्यावर लगेच आक्षेपही आले, तो वाद बाजूला ठेवू. त्यातल्या अकरा वर्षांच्या एका मुलीचा चेहरा शास्त्रज्ञांनी कवटीवरून पुन्हा घडवला, तिला मिर्टिस नाव दिलं.

मला या धाग्यावर सांगायचं ते हे, की त्या खड्ड्यातही थोडी भांडी होती, आणि त्यात पांढऱ्या लेकिथॉस होत्या. ८९ माणसांच्या मानाने थोड्याच. पण कोणीतरी त्या गोंधळात, त्या वासात, बुधली घेऊन तिथे गेलं होतं. तान्ह्या बाळांना तर मोठ्या मडक्यांत घालून वेगळं ठेवलेलं. कोविडच्या दिवसांत मी वॉर्डात होतो. घरच्यांना आत सोडता येत नव्हतं. एका बाईंनी दारावरच्या वॉर्डबॉयकडे वाटीत तेल दिलं होतं, "त्यांच्या तळपायांना लावा" म्हणून. आम्ही लावलं.

शेवंती

नाडीपरीक्षा, तुम्ही लावलंत, हे त्या बाईंना कळलं का?

नाडीपरीक्षा

हो. मीच फोन करून सांगितलं.

घोडकाठ

बाळांचं मडकं वाचून राहवलं नाही. मी शिरूर तालुक्यातला. आमच्याकडे घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातली वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. तिथे लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरलेली सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, बाळ आत. ग्रीसशी याचा काडीचा संबंध नाही, तसं मला सुचवायचंही नाही. फक्त आमची आजी म्हणायची, लेकरू दूर टाकवत नाही. तेवढंच.

आंबेहळद

+१

चाकावरचा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, कारण हात स्वस्थ बसेनात.

मी तीन बुधल्या केल्या. लेकिथॉससारख्या, आतल्या वाटीसकट. पांढऱ्यासाठी चिनी माती वस्त्रगाळ करून लेप दिला. पहिलीला मुद्दाम भोक ठेवलं नाही, काय होतं ते बघायचं होतं. ती भट्टीत उभी चिरली, खांद्यापासून बुडापर्यंत. दुसरीचा वाटीचा सांधा सुकतानाच सुटला, हलवली की आत वाटी वाजायची. तिसरी नीट उतरली. कानाच्या खाली भोक ठेवलं होतं, मूग जाईल एवढं.

मग तिच्यात तेल ओतलं. पोट बघता लिटरभर सहज मावेल असं वाटतं. वाटीत मावलं फुलपात्रभर. पण ऐका. तेल भराभर वर आलं आणि मानेत दिसायला लागलं. वरून बघितलं तर बुधली काठोकाठ भरलेली. माझ्या बायकोला काही न सांगता दाखवली, ती म्हणाली, "अहो, एवढं तेल कशाला घातलंत?"

रोखठोक, तुम्ही बचत म्हणालात ते आहेच. पण वाटी नसती तर तेवढंच फुलपात्रभर तेल बुडाशी गेलं असतं आणि देणाऱ्याला रिकामी मान दिसली असती. ज्याच्याकडे फुलपात्रभरच आहे त्याला भरलेली बुधली देता यावी, म्हणून कुंभाराने हा खटाटोप केला, असं मला करून पाहिल्यावर वाटतं.

रोखठोक

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझी आई गेली तेव्हा आमच्याकडे फार काही नव्हतं. तुमचं म्हणणं मान्य.

हडसनपलीकडे

उशिरा येतोय, न्यू जर्सीहून. हा धागा वाचून परवा मुद्दाम मेट्रोपॉलिटनला गेलो. तिथे एक पांढरी लेकिथॉस आहे, इ.स.पू. ४३० च्या सुमाराची, म्हणजे नाडीपरीक्षांच्या साथीच्याच दिवसांतली. डाव्या बाजूला आई. मध्ये खडकावर उभं एक लहान पोर, अंगावर काही नाही, सोबत काठीचा गाडा, आपल्याकडे पोरं ढकलत नेतात तसा. पलीकडे खॅरॉन, मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी, नाव लावून उभा. पोराने वळून आईकडे हात केलाय. ते अजून नावेत चढलेलं नाही.

शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. नातू म्हणाला, तो गाडा पण नेणार का बरोबर? आजोबांनी खाली वाकून काचेतून नीट बघितलं आणि म्हणाले, हो, नेणार.

चाकावरचा

@हडसनपलीकडे, पुढच्या वेळी गेलात तर भोक आहे का बघाल? कानाखाली किंवा बुडाजवळ असेल.

हडसनपलीकडे

नक्की.

शेवंती

सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत. काल आईची बाटली फडताळातून काढली. तळाशी दोन बोटं तेल उरलं होतं. घरात आईचं एक लहानसं पितळी बुधलं आहे, दिवाळीच्या अभ्यंगाचं. त्यात ओतलं तर गळ्यापर्यंत आलं.

चाकावरचा, तुमची तिसरी बुधली विकायची नसेल, पण तिचा फोटो टाकाल का?

चाकावरचा

ताई, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. पाठवतो.